वैराळे वकिलांचे कान

वकील बहिरा व्हायला लागला की ते सगळ्यात आधी त्याच्या बायकोला कळतं, मग शेजार्‍यापाजार्‍यांना, मग कोर्टाच्या पट्टेवाल्याला, आणि सगळ्यात शेवटी खुद्द वकिलाला. अशिलाला तर ते कळूच द्यायचं नसतं. डॉक्टर आजारी पडला तर चालतं, पण ऐकू न येणारा वकील कोणाला हवाय?

पुरुषोत्तम वैराळे यांचंही तसंच झालं. मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या कोर्टात त्यांची अख्खी हयात गेली होती. गावाचं नाव मी सांगत नाही. का सांगत नाही ते पुढे आपोआप कळेल. माणूस तोंडाचा तिखट, मनाचा मऊ आणि हट्टी तर असा की विचारू नका. साठी उलटली, ऐकू येणं कमी झालं, पण कबूल करतील तर शपथ! न्यायाधीश काही बोलले की मान किंचित तिरपी करायची, दोनदा हलवायची आणि "अगदी योग्य, साहेब" म्हणायचं, असा त्यांनी एक मार्ग काढला होता. तो बराच काळ चाललाही. मग एकदा न्यायाधीश म्हणाले, "तुमचा अर्ज मी फेटाळतोय," आणि वैराळे "अगदी योग्य, साहेब" म्हणून खाली बसले. वकिलांच्या बार रूमला ते आठवडाभर पुरलं. ती आपली मुत्सद्देगिरी होती, असं वैराळ्यांनी सगळ्यांना पटवलं. निम्म्यांना ते पटलंसुद्धा.

घरी मात्र मुत्सद्देगिरी चालत नव्हती. त्यांच्या पत्नी कुमुदताई निवृत्त शिक्षिका. वर्गात कधी आवाज चढवला नाही, पण घरात चढवावा लागला. "अहो, भाजीत मीठ बरोबर आहे का?" हा प्रश्न चौकातल्या पानवाल्यापर्यंत जायचा. अशा आवाजात माणूस मिठाचं विचारू शकतो, गॅस बंद करायला सांगू शकतो. मनातलं काही बोलू शकत नाही. हळूहळू दोघांचं बोलणं मिठापुरतं आणि गॅसपुरतं उरलं. कुमुदताईंना याचं फार वाईट वाटायचं. वैराळ्यांनाही वाटायचं, पण ते वाईट वाटण्याचं कारण दुसरंच काही सांगायचे.

मग कर्णफूल आलं.

लग्नाला जातोय असं बार रूममध्ये सांगून वैराळे नागपूरला गेले आणि ज्वारीच्या दाण्याएवढी दोन यंत्रं कानात घालून आले. बाहेरून काही दिसत नव्हतं. कर्णफूल हे जुन्या श्रवणयंत्रांसारखं नव्हतं, आणि इथे थोडं विज्ञान सांगावं लागेल. आपल्या कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या एका पोकळीत, केसांपेक्षा बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. आवाजाची लाट आली की ते तंतू डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. वय झालं की या पेशी मरतात, आणि आधी मरतात त्या उंच स्वर टिपणार्‍या. 'स', 'श', 'फ', 'ख' असले उच्चार त्याच पट्टीत राहतात. म्हणून म्हातार्‍या माणसाला आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. जुनी यंत्रं सगळंच मोठं करायची, अशीलही आणि डोक्यावरचा पंखाही. कर्णफूल काही मोठं करत नसे. ते अंदाज बांधायचं. कानापर्यंत आलेला फुटका आवाज ते खिशातल्या फोनवाटे दूरच्या कुठल्याशा संगणकाकडे पाठवायचं; तो संगणक गळालेले शब्द भरून, वाक्य पुरं करून, बोलणार्‍याच्याच आवाजात परत कानात सोडायचा. हे सगळं पापणी लवायच्या आत.

पहिले काही दिवस मात्र सगळा आनंदच होता. यंत्राला पुस्तकातली मराठी यायची आणि वैराळ्यांचे अशील बोलायचे वर्‍हाडी. शेताच्या बांधाला धुरा म्हणणार्‍या अशिलाने "धुर्‍यावरचं झाड" म्हटलं की वैराळ्यांना भलतंच काही ऐकू यायचं. त्यावरही कंपनीकडे तोड होती. फोनमध्ये 'गावबोली' नावाचं एक बटण होतं. ते चालू केलं की त्या गावातली सगळी कर्णफुलं एकमेकांकडून शिकायची: इथली माणसं कशी बोलतात, कोणाचं नाव कोणाबरोबर येतं, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येतो. खाली लिहिलं होतं, 'आम्ही तुमचा आवाज साठवत नाही.' हे अगदी खरं होतं. कंपनी खोटं बोलत नव्हती, एवढं लक्षात ठेवा.

दुसर्‍या कोणाला विचारलं असतं तर कदाचित कोणी सावध केलं असतं. पण विचारायचं म्हणजे बहिरेपण कबूल करायचं. वैराळ्यांनी बटण दाबलं.

आणि काय सांगावं! एका सकाळी कुमुदताई ओट्याशी पाठमोर्‍या उभ्या राहून स्वतःशीच पुटपुटल्या, "आज फार थकल्यासारखं होतंय बाई."

"मग बस ना घटकाभर. चहा मी टाकतो," मागून वैराळे म्हणाले.

कुमुदताईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. त्या वळल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. "अहो, किती वर्षांनी माझं न ओरडता बोललेलं ऐकलंत तुम्ही!"

त्या दिवसापासून त्या घरात पुन्हा हळू आवाजात बोलणं सुरू झालं. नातेवाइकांच्या चहाड्या झाल्या, जुन्या आठवणी झाल्या, आणि पुण्याला असलेल्या सुहासचं, त्यांच्या मुलाचं, बायकोशी पटत नाही हे जे कुमुदताईंनी वर्षभर मनात दाबून ठेवलं होतं, तेही एकदा बोलून झालं. वैराळे सुखावले होते. त्यांचा दोष काढू नका; तुम्हीही तेच केलं असतं.

धनश्री काळमेघ त्याच सुमारास त्यांच्या घरच्या ऑफिसात आली.

तिशीची बाई, पण बोलायची अशी की शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जाऊ नये. तो तिचा स्वभाव नव्हता, नवर्‍याच्या घरात लागलेली सवय होती. नवरा विक्रांत काळमेघ रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. गावात वजन होतं. घरात ते वजन तिच्यावर पडायचं. तिच्या उजव्या हातात सळई घातलेली होती. ती जिन्यावरून पडली, असं नवर्‍याचं म्हणणं होतं. सहा वर्षांच्या इराला घेऊन ती घर सोडून निघाली होती, आणि आता इराचा ताबा मागण्यासाठी विक्रांतने दावा लावला होता.

"काका," ती म्हणाली, "मी कुठं राह्यते ते कोर्टाले सांगा लागन?"

"कोर्टाले बंद लिफाफ्यात देऊ. त्याच्या वकिलाले नाई मिळनार. पन मले सांग, बेटा. कागदं पाठवा लागतात, निरोप द्या लागतो."

तिने दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, आणि खाली वाकून सांगितलं. गाव सांगितलं, काम कुठे मिळालं ते सांगितलं, खोली कोणाच्या घराच्या मागे आहे ते सांगितलं. कर्णफूल नसतं तर वैराळ्यांना त्यातलं एक अक्षरही कळलं नसतं.

"तुमी कोनाले सांगसान नाई ना?"

"अवं, मी माह्या बायकोलेही सांगत नाई. या चार भिंतीतलं या चार भिंतीतच राहीन."

वैराळे खोटं बोलत नव्हते. आयुष्यात त्यांनी अशिलाची एक गोष्ट बाहेर जाऊ दिली नव्हती. त्या खोलीत आपण दोघंच आहोत, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

विक्रांत काळमेघचे वकील होते मुश्ताक देशमुख. वैराळ्यांचे जिगरी दोस्त. कोर्टात एकमेकांचे कपडे फाडायचे आणि मधल्या सुट्टीत कँटीनमध्ये एकाच प्लेटमधला आलूबोंडा खायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. खटल्यांविषयी अक्षर काढायचं नाही, हाही त्या रिवाजातलाच नियम. फार तर "तुह्या माणसाले जरा समजाव" एवढ्यावर थांबायचं.

त्या दिवशी कँटीनमध्ये नेहमीसारखा कल्ला होता. कप आपटत होते, मिक्सर घरघरत होता, कोणी कोणाला हाका मारत होतं. मुश्ताकभाईंनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "पुरुषा, तो पत्ता बंद लिफाफ्यात कायले देऊन राह्यला बे? काल तं तूच मले सांगतलं."

"काय सांगतलं?"

"ते पोरगी कुठं हाय ते." आणि मुश्ताकभाईंनी गावाचं नाव घेतलं. कामाची जागा सांगितली. कोणाच्या घराच्या मागे, तेही सांगितलं. "मले वाटलं तुह्या मनात तडजोड हाय, म्हनून मुद्दाम सांगतलं असन. दुपारी काळमेघ येऊन राह्यला. त्याले सांगतो, पाहू काय म्हनते तं."

वैराळ्यांच्या हातातला बोंडा बशीत पडला. काल याच टेबलाशी ते एवढंच म्हणाले होते, 'माही अशील आहे तिथं सुखात आहे, तुह्या माणसाले म्हन मागं लागू नको.' शब्द न् शब्द आठवत होता.

"मी नाई सांगतलं, मुश्ताक. आईची आन."

"मंग काय भूत बोललं? तुह्याच आवाजात आयकलं मी! दुसर्‍याच्या आवाजात असतं तं गोष्ट येगळी..."

आवाजात. वैराळ्यांच्या डोक्यात लख्खकन काहीतरी झालं. ते उठले आणि भर कँटीनमध्ये त्यांनी मुश्ताकभाईंचा कान धरला.

"अबे, सोड! लोक पाहून राह्यले!"

"कान दाखव तुहा!"

कानात, खोल आत, ज्वारीचा दाणा होता. मुश्ताकभाईंनी वैराळ्यांची मान वळवली आणि त्यांचा कान पाहिला. मग दोघंही म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. कित्येक वर्षं दोघं एकमेकांपासून बहिरेपण लपवत होते, आणि आता या टेबलाशी मशीनच मशीनशी गप्पा मारत होतं. मुश्ताकभाईंना हसू आलं, वैराळ्यांनाही आलं. मग वैराळ्यांना धनश्री आठवली आणि हसू जागच्या जागी विझलं.

"चाल माह्यासंग," ते म्हणाले.

कोर्टाच्या मागे पिठाची गिरणी होती. तिच्या दाराशी उभं राहिलं तर चांगल्या कानाच्या माणसालाही काही ऐकू येत नसे. वैराळे तिथे मुश्ताकभाईंसमोर उभे राहिले, "माही अशील धनश्री सध्या" एवढंच म्हणाले, आणि तोंड मिटून घेतलं.

मुश्ताकभाईंचा चेहरा पांढरा पडला. "पुरं वाक्य आयकू आलं बे. तुह्या आवाजात. तुहं तोंड तं बंद होतं."

हे असं झालं होतं. कंपनीने धनश्रीचा आवाज साठवला नव्हता. पण गावबोलीच्या त्या सामायिक मेंदूला वैराळ्यांच्या कानातून कळलं होतं, की या गावात या नावामागून हे गाव येतं. हिंगाचा डबा रिकामा केला तरी वास राहतो ना, तसं. एरवी तो वास कोणाला येत नसे. पण गोंगाटात शब्द गळाले, भरायला जागा झाली, की यंत्र आपल्याजवळचं सगळ्यात जवळचं काहीतरी तिथे भरायचं. ज्या कानात भरायचं त्या माणसाला वाटायचं, समोरचा बोलला.

"आता तू बोल," वैराळे म्हणाले. "तुह्या अशिलाचं नाव घे न् गप बस."

"कायले?"

"घे तं."

मुश्ताकभाई म्हणाले, "माहा अशील काळमेघ, तिचा हात..." आणि थांबले. गिरणी धडधडत होती. वैराळ्यांच्या कानात, मुश्ताकभाईंच्या आवाजात, ते वाक्य पुरं झालं.

ते काय होतं, हेही मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की ते वाक्य कोर्टात उभं राहिलं असतं तर इराचा ताबा त्याच दिवशी आईकडे गेला असता. वैराळ्यांच्या चेहर्‍यावरून मुश्ताकभाईंना कळलं. त्यांच्या अशिलाने त्यांना, चार भिंतींच्या आत, विश्वासाने जे सांगितलं होतं, तेच आता वैराळ्यांकडे गेलं होतं.

दोघं गिरणीपासून लांब, कडुलिंबाखाली येऊन बसले. दोघांनीही दाणे कानातून काढले आणि खिशात टाकले. आता एकमेकांचं ऐकायला डोकं डोक्याला लावावं लागत होतं.

"तुले खटला जिंकता येते," मुश्ताकभाई म्हणाले.

वैराळ्यांना ते कळत होतं. हात शिवशिवत होते त्यांचे. तिच्या हातातली सळई त्यांनी पाहिली होती. पण वकिलाला आणखीही काही दिसत होतं. यंत्राने भरलेलं वाक्य म्हणजे पुरावा नव्हे, तो अंदाज. आज तो खरा निघाला, उद्या दुसर्‍या कोणाच्या तोंडी खोटा खून घालेल, आणि ऐकणारा छातीवर हात ठेवून सांगेल, त्याच्याच आवाजात ऐकलं. शिवाय काळमेघ कितीही नालायक असला तरी वकिलापुढे बसून बोलला होता. त्याचं बोलणं उघड करायचं, तर उद्या धनश्रीसारखी बाई कोणत्या तोंडाने कोणापुढे बसेल?

"ते माहं नाई," वैराळे म्हणाले. "जे माहं नाई ते मी वापरनार नाई. तू?"

मुश्ताकभाईंनी खिशातले दाणे चाचपले. "अशिलापासून लपवाचं नाई, हा नियम हाय आपला. दुपारी तो माह्यासमोर बसन. पन पत्ता माहा कुठं हाय? चोरीचा माल अशिलाले द्या लागते, असं तं कुठं लिवलं नाई." त्यांनी उसासा टाकला. "मी त्याचं वकीलपत्र सोडतो. पन पुरुषा, हे माह्या एकट्याच्याच कानात थोडं आलं असन? गावात असे दाने किती असतीन?"

तेच तर होतं. वैराळे उठले आणि घरी निघाले. धनश्रीला फोन करता आला असता, पण फोन या शब्दाचीच त्यांना आता धास्ती वाटत होती.

गाडी कुमुदताई चालवायच्या. "कुठे जायचंय?" त्यांनी विचारलं.

"मी सांगीन तिथं वळव. गावाचं नाव विचारू नको."

"काय?"

"नाव विचारू नको!"

आता दोघंही ओरडत होते. कर्णफूल खिशात होतं. घाट लागायच्या आधी वैराळ्यांनी सगळी हकिकत सांगितली, अशिलाचं नाव आणि गाव वगळून. कुमुदताई ऐकत होत्या. मग त्यांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"म्हणजे मी तुमच्याशी बोलले तेही?" त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. वैराळ्यांना ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने. "आपल्या सुहासचं, तेही?"

"हो."

वर्षभर दाबून ठेवलेली गोष्ट त्यांनी नवर्‍याच्या कानात सांगितली होती, आणि ती आता कुठल्या भिशीत कोणाच्या कानात भरली जाईल, देव जाणे. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"आधी त्या मुलीला सांगू," त्या ओरडून म्हणाल्या. "मग मी तुमच्याशी भांडणार आहे. चांगली भांडणार आहे."

"भांड," वैराळे म्हणाले. "मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं भांड."

धनश्री दारात भेटली. कुमुदताई लांब गाडीतच बसून राहिल्या. इरा अंगणात काडीने मातीत रेघा ओढत होती. वैराळ्यांनी खिशातून ते दोन दाणे काढून तळहातावर ठेवले.

"बेटा, मी बहिरा हाय," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. "तुले सांगतलं नाई. या यंत्रानं आयकलं मी तुहं. न् यानं ते बाहेर नेलं. तुह्या नवर्‍यापर्यंत गेलं नाई अजून. पन जाऊ शकते. तुले आजच्या आज इथून हला लागन."

इराला तिने हाक मारून जवळ ओढलं. मग ती बोलायला लागली, तशाच दबलेल्या आवाजात, भराभर, आणि वैराळ्यांना एकही शब्द ऐकू आला नाही. ते विचारूही शकत नव्हते, जोरात बोल म्हणून. चार घरांना ऐकू गेलं असतं. ते नुसते उभे राहिले आणि तिचा चेहरा पाहत राहिले. राग, भीती आणि दुसर्‍यांदा फसवलं गेल्याचं दुःख, सगळं चेहर्‍यावर होतं. त्यांना मान हलवायची फार जुनी सवय होती. या वेळी त्यांनी ती हलवली नाही.

शेवटी तिने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन एकच वाक्य मोठ्याने म्हटलं, "आता कुठं चालली ते तुमाले नाई सांगनार, काका."

"नको सांगू," ते म्हणाले. "दुसरा वकील केला तरी चालन. कागदं मी पोचवून देईन."

परतताना कुमुदताई ठरल्याप्रमाणे भांडल्या. निम्मं त्यांना ऐकू आलं. बाकीचं त्यांनी आपण होऊन भरून घेतलं.

पुढच्या तारखेला नव्याने बदलून आलेल्या न्यायाधीश बाई आसनावर बसल्या तेव्हा वैराळे उभे राहिले. "मॅडम, एक विनंती आहे. मोठ्यानं बोलावं. मला ऐकू येत नाही."

वैराळ्यांनी कानातल्या यंत्राचं सगळं सांगितलं आणि विनंती केली, की आपल्या अशिलाच्या पत्त्याचा आधीचा लिफाफा रद्द समजावा आणि नवा देण्यास मुदत मिळावी.

"नेमकं काय फुटलं?" बाईंनी विचारलं, आणि मग पुन्हा, मोठ्याने.

"ते सांगता येत नाही, मॅडम. सांगितलं तर पुन्हा फुटेल."

"देशमुख वकील, तुम्हाला काय कळलं?"

मुश्ताकभाई उठले. त्यांनी खिशातून आपले दाणे काढले आणि टेबलावर ठेवले. "मलाही सांगता येत नाही, मॅडम. म्हणूनच या प्रकरणातून मी बाजूला होतोय. ऐकू मलाही येत नाही, हेही नोंदवून घ्यावं."

मागच्या बाकावर विक्रांत काळमेघ ताडकन उभा राहिला. "साहेब, मले सोडून चालले? काय कळलं तुमाले ते मले तं सांगा!"

"तुहं जे माह्याजवळ हाय ते माह्याजवळच राहीन," मुश्ताकभाई त्याला म्हणाले. "न् जे तुहं नाई ते तुले भेटनार नाई. बस खाली."

त्याच वेळी वकिलांच्या बाकांवर तीन-चार हात नकळत आपापल्या कानांकडे गेले. बाईंनी ते पाहिलं. त्यांचा स्वतःचा हातही केसांमागे जाऊन परत आला होता, पण तेवढं कोणी लक्षात घेतलं नाही. मुदत मिळाली.

कंपनीला पत्र गेलं. उत्तर नम्र होतं: आम्ही काहीच साठवत नाही, त्यामुळे पुसून टाकण्यासारखं आमच्याकडे काही नाही. बार रूमच्या दाराशी एक स्टीलचा डबा ठेवला गेला; आत जाताना कानातलं त्यात ठेवायचं. तेव्हापासून बार रूममध्ये फार आरडाओरडा असतो, पण तो पूर्वीही होताच.

वैराळ्यांनी प्रत्येक अशिलाच्या घरी जाऊन सांगितलं. काहींनी कागदपत्रं परत घेतली. एक म्हातारे अशील म्हणाले, "वकीलसाहेब, तुमी बहिरे आहा हे आमाले कवाचं माहीत होतं. तुमी मान हालवाचे न् आमी घरी जाऊन हासाचो." वैराळ्यांना ते फार लागलं आणि फार बरंही वाटलं.

धनश्रीचा पत्ता नव्हता. नव्या लिफाफ्याची मुदत संपत आली होती, आणि लिफाफा नाही म्हणजे काळमेघचा नवा वकील उठून म्हणणार, मुलीला घेऊन आई फरार आहे. वैराळे दिवसभर दाराकडे बघत बसायचे. तिने दुसरा वकील केला असेल तर देव तिचं भलं करो, असं म्हणायचे, आणि पुन्हा दाराकडे बघायचे.

एक दिवस मुश्ताकभाई आले. हातात पिशवी होती. त्यांची सून डॉक्टर. तिचा जुना स्टेथोस्कोप त्यांनी टेबलावर ठेवला.

"हे काय बे? माही छाती ठीक हाय."

"कानात घाल," मुश्ताकभाई ओरडले. वैराळ्यांनी घातला. मुश्ताकभाईंनी दुसर्‍या टोकाची चकती तोंडाशी धरली आणि अगदी हळू म्हणाले, "आलूबोंडा खातं काय?"

वैराळे दचकले. आवाज एवढा जवळून, एवढा स्वच्छ आला होता! रबराची नळी, त्यात हवा, आणि हवेतून चाललेला आवाज, बस. कोणाचा अंदाज नाही, कोणी भरलेलं काही नाही. नळीच्या एका टोकाला एक माणूस आणि दुसर्‍या टोकाला दुसरा. बोलणं संपलं की नळीत काही उरत नाही. वैराळ्यांनी ती ओढून पाहिली, पिरगाळून पाहिली आणि लहान पोरासारखे हसले. संध्याकाळी कुमुदताईंनी ती चकती तोंडाशी धरून त्यांना काय सुनावलं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी धनश्री आली. खुर्चीच्या कडेवर बसली. लगेच उठून जाता येईल अशी. दारातल्या कुमुदताईंकडे तिने पाहिलं, मग टेबलावरच्या स्टेथोस्कोपकडे.

"तुमाले बरं नाई का, काका?"

वैराळ्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी नळी कानाला लावली आणि चकती तिच्यापुढे धरली. ती गोंधळली. कुमुदताईंनी तिला तोंडाशी धरायची खूण केली, आणि दार ओढून घेऊन बाहेर गेल्या.

आधी त्यांना तिचा श्वास ऐकू आला.

"दुसर्‍या एका वकिलाकडे गेली होती मी," ती म्हणाली. "लय नामी होता. फोन टेबलावर ठेवून बसला होता. मी म्हटलं, फोन बाहेर ठेवता का? तं हासला." तिने चकती आणखी जवळ घेतली. "तुमी येऊन सांगतलं होतं. तुमी नसतं सांगतलं तं मले कधी कळलंच नसतं."

वैराळ्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात नळीवर होते.

मग तिने चकती दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली, त्यात तोंड घातलं आणि नवा पत्ता सांगितला.

तो मला माहीत नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या कुमुदताईंनाही माहीत नाही, आणि तुम्हाला कळायचं तर काहीच कारण नाही. वैराळ्यांनी लिफाफा पुढे ओढला, आणि लिहायच्या आधी तिच्याकडे बघून मान हलवली. या वेळी त्यांनी ती सगळं ऐकून हलवली होती.